मामांचे मापाचे कागद

पिंपरीच्या कंपनीचा बाराचा भोंगा, वारा इकडचा असला की चिखलीपर्यंत ऐकू येई. भोंगा झाला की भैरू वाणी रद्दी न्यायला येणार होता, आणि रतनबाईच्या पुढ्यात अजून निम्मे कागद निवडायचे पडले होते.

"एका ट्रंकेत मावतील तेवढेच घे," गेनबा पहिल्या पाळीला जाताना बायकोला बजावून गेला होता. "कंपनीची खोली आहे, शिंप्याचं दुकान नव्हे." तीन वाजता बैलगाडी आणून तो बिऱ्हाड हलवणार होता.

कागद होते तिच्या सासऱ्याचे, बाळाजी शिंप्याचे; ती त्यांना मामा म्हणे. पोलकी, बंड्या, कोट, झबली, सगळ्यांचे कापायचे नमुने. चाळीस वर्षं जमवलेले, खिळ्याला टांगलेले. काही त्यांनी स्वतः खाकी कागदावर बेतलेले, तर काही देहूरोडच्या छावणीतल्या एका साहेबिणीनं विलायतेला परतताना दिलेले. ते चित्रं छापलेल्या पाकिटांत घडी घातलेले, कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ. दिवाळीला मामा गेले. ते होते तोवर बेतणं-कापणं त्यांचं, काजं नि तुरपाई हिची. आता नव्या चाळीत बायकांची पोलकी शिवायची, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. गेनबाला तेवढं बोलली नव्हती. पण हातात बरोबर मापाचे कागद नसले, तर कापायचं कशावर?

म्हणून ती पारखून घेत होती. मामांनी शिवलेलं एक जुनं पोलकं उसवून त्याचे तुकडे तिनं जमिनीवर पसरले होते, त्यांवर एकेक कागद ठेवायचा. खाकी कागद दर खेपेला चहूकडून दोन बोटं कमी भरत होता. पाठ कमी, गळा कमी, बाहीसुद्धा कमी. साहेबिणीचे कागद मात्र ऐसपैस होते.

"म्हातारपणी नजर गेली असंल मामांची," ती मांडीवरच्या पोरीला म्हणाली. पोरीनं एका कागदाचा कोपरा तोंडात घातला. रतननं तो सोडवून घेतला, पुसला आणि रद्दीत टाकला. मन चुकचुकलं, पण शिवणाच्या वर्गात बाईंनी शिकवलं होतं की कागद हे कपड्याचं पुरं माप असतं. चुकीच्या कागदावर लोकांचं कापड कापून कसं चालेल?

भोंगा झाला. भैरू आला, त्यानं खाकी कागदांची चळत सुतळीनं आवळली नि खांद्यावर टाकली. "वैनी, पुड्यांना कागद झकास हाय," म्हणाला आणि गेला.

थोड्या वेळानं भागूबाई, तिची सासू, पाण्याची घागर घेऊन आली. रिकामा खिळा बघून दारातच थांबली.

"खाकी कागद कुठं हाईत गं?"

"भैरूला दिले, आत्याबाई. माप चुकलेलं होतं सगळ्यांचं. दोन-दोन बोटं कमी."

भागूबाईनं घागर खाली ठेवली.

"अगं, कमीच असायचं. त्यो कागुद म्हंजी अंगाचं माप. शिवणीत मुरायची दोन बोटं तुजं मामा कापडावर हातानं सोडायचं. कागदावर कशाला धरत्याल?"

पोरीला काखोटीला मारून रतन निघाली, तशीच, डोक्यावरचा पदर सावरत, भर गावातून. मागून सासू. चार घरं पलीकडं भैरूचं दुकान. एरवी तंबाखू चोळण्याइतकाही वेळ लागत नसे, आज ते सरकत मागं चालल्यासारखं वाटत होतं.

भैरूनं सुतळी सोडली होती. एक बाही फाडून तीन पुड्या झाल्या होत्या, तिसरीत तो डाळ भरत होता.

"थांबा, भाऊजी. कागद परत पाहिजेत."

"आता? उद्या चिंचवडचा आठवडी बाजार हाय माजा, पुड्यांना कागद लागंल. वजनाला वजन दुसरा कागद टाका नि न्या. माजं काय जातंय?"

रतन पळत घरी गेली आणि साहेबिणीची सगळी पाकिटं घेऊन आली. निळ्या झग्यातली, टोपी घातलेली ती चित्रातली बाई तिला फार आवडायची. एक क्षण बघितली, आणि पारड्यात टाकली. एका पारड्यात खाकी, दुसऱ्यात विलायती. काटा हललासुद्धा नाही.

"हवाच दिसतीया पाकिटात," भैरू हसला.

आता खाकीतलेच कमी करायला हवे होते. रतननं कोट उचलला. पाच तुकड्यांचा कोट, मामांचा जीव की प्राण. पण कुठला पुरुष तिच्यापुढं हात पसरून माप द्यायला उभा राहणार? कोट विलायती पारड्यात, भैरूच्या बाजूला. पाटलांच्या बंड्या तिकडं, विजारी तिकडं. पोलकी, परकर, झबली ठेवली, फाटलेल्या बाहीचे तिन्ही तुकडेही. काटा सरकला, पण थोडक्यासाठी अडला. आता पोलक्यांतलंच एक काढायचं तर कुठलं?

भागूबाईनं हात घालून चळतीच्या तळातली एक बंडी ओढली. रुंद पाठीची, डावा खांदा थोडा उतरलेला.

"आत्याबाई, हे तर मामांचं स्वतःचं..."

"व्हय. त्यांच्याच अंगाचं. आता कुणाला शिवणार हायस?"

"राहू द्या. मी पोलकं काढते एखादं."

"पोलकं तुला लागंल. ठिव."

भागूबाईनं तो कागद भैरूच्या बाजूला टाकला. काटा मधोमध आला. रतननं आपले कागद छातीशी धरले. पोरगी त्यांच्यावर थापा मारत होती.

भैरूनं रद्दी उचलली. म्हातारीनं त्याचा हात धरला.

"त्या बंडीच्या पुड्या करशील, त्यांना रॉकेलचा हात लावू नगंस," ती म्हणाली. "चहापत्ती बांध. चहा लई आवडायचा त्यास्नी."

"बरं, काकी," भैरू म्हणाला, आणि त्यानं तो कागद वेगळा काढून चहाच्या डब्याखाली सरकवला.