कापश्याच्या गालातली करणी

रोहणा गावच्या मारुतीच्या पारापुढं गर्दी लोटली होती. कोणी शेळी ओढत आणलेली, कोणाच्या पिशवीत मांजर. मधोमध जनावरांची करणी उतरवणारे दंडे महाराज. गळ्यात इतक्या माळा की मान शोधावी लागे.

शकुबाई आपल्या पांढऱ्याशुभ्र कुत्र्याला, कापश्याला, कवटाळून बसल्या होत्या. सोमवारचा उपास, ओठांवर नाम. कापश्याच्या तोंडाला वास येत होता, लाळेत रक्त उतरत होतं, भाकरी तो एकाच बाजूनं चावायचा.

"याच्या गालात करणी बसली," महाराज म्हणाले. "मले दिसून राह्यली."

"आमच्या शेळीच्या पोटातबी दिसलती," मागून मधुकरराव बोलले. "मेली ते."

"श्रद्धा कमी पडली."

"कोणाची, शेळीची?"

महाराज कापश्याकडे वळले. त्यांनी कापश्याच्या गालाला हळद चोळली, कमंडलूतल्या तीर्थात भिजवलेलं फडकं फिरवलं. पिवळा गाल लालभडक झाला. लोकांचे हात जोडले गेले.

"हे करणीचं रक्त." मग लिंबू पिळलं, लाल पुन्हा पिवळं. "उतरली. आता दवाखान्यात नेऊ नोको माय, नाईतर दुप्पट होऊन येईन."

शकुबाई उठल्या नाहीत. तो लाल रंग त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. गावात नवी सून आली की ओवाळायचं लाल पाणी त्यांच्याच हातचं असे: हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना.

"अहो, तुमची टोपी द्या," त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या. "आन् चुन्याची डबीबी."

"काऊन वं?" म्हणत महादेवरावांनी दोन्ही दिलं. शकुबाईंनी पूजेच्या ताटातली ओली हळद पांढऱ्या टोपीवर फासली, वर चुन्याचं बोट ओढलं. टोपी लाल झाली.

"अरे बापा," मधुकरराव म्हणाले, "महादेवरावच्या टोपीत करणी शिरली."

शकुबाईंनी महाराजांच्याच ताटातलं लिंबू त्यावर पिळलं. करणी उतरली. गर्दी खदखदली.

"देवीचा कोप होईन," महाराज गुरगुरले.

"देवीले मी रोज हळद वाह्यतो महाराज. तिले हळद ठाऊक हाय." बाईंनी कापश्याचा ओठ वर केला. दाढेमागं हिरडीवर गाठ तशीच होती, बोराएवढी. "उतरली ना? मंग हे काय होय?"

महाराजांनी माळा सावरत पाय काढला. कमंडलू मात्र पारावर राहिला. तळाशी चुन्याचा पांढरा गाळ.

शकुबाईंनी कापश्याला आर्वीच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉ. रक्षा यांनी गाठीचा तुकडा तपासणीला पाठवला. कर्करोगच निघाला, पण अजून फुप्फुसात पोचला नव्हता. जबड्याच्या थोड्या हाडासकट गाठ काढली. "तुम्ही हळद चोळत बसला असतात काकू," त्या म्हणाल्या, "तर माझ्या हातात काहीच उरलं नसतं."

कापश्याचं तोंड आता जरा वाकडं दिसतं. भिजवलेली भाकरी तो चाटूनपुसून खातो.

शकुबाईंचे उपास चालूच आहेत. सोमवारची पूजा आटोपली की त्या कापश्याचे ओठ वर करून हिरड्या न्याहाळतात. तुमच्या घरी कुत्रं-मांजर असेल तर तुम्हीही बघा. वास, रक्त, हलणारा दात, गाठ, यांतलं काहीही दिसलं तर जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. देवाला हात जोडायचे ते वाटेत जोडा.