हार्लनच्या होडीत बोलायला बंदी

हार्लन टिडवेल तीस वर्षं मुख्याध्यापक होता. निवृत्त झाल्यावर गप्प बसवायला मुलं उरली नाहीत, म्हणून त्याने बायकोला धरलं. "सँड बास माशाला सगळं ऐकू येतं, आर्डिथ," तो होडीत पाय ठेवता ठेवता बजावायचा. "बारीक दोरी, हलकी काठी आणि बंद तोंड. एवढं जमलं की मासा आपलाच."

आर्डिथ एरवी बोलकी बाई. चर्चच्या जेवणात तिच्या टेबलाला खुर्च्या कमी पडत. पण गळ टाकायचं तिला वेड होतं आणि होडी नवऱ्याची होती. त्यामुळे दर शनिवारी सकाळी ती जीभ घरी ठेवून यायची.

जुलैचा महिना. ओक्लाहोमातल्या त्या धरणाचं पाणी सकाळी सातलाच कोमट झालं होतं. मुलाने वाढदिवसाला दिलेलं मासे शोधायचं यंत्र होडीच्या पुढच्या टोकाला बसवलेलं. हार्लन त्याच्या पडद्यात नाक खुपसून बसला होता.

आर्डिथ मागे बसली होती. होडीपासून वीस हातांवर पाणी शहारलं. बोटाएवढ्या चंदेरी मासळ्या जिवाच्या आकांताने वर उडाल्या आणि त्यांच्यामागे सँड बासची टोळधाड आली. पाणी नुसतं खदखदायला लागलं.

"हार्ल..." तिने तोंड उघडलं.

मागे न बघताच हार्लनने बोट वर केलं. शाळेच्या व्हरांड्यात करायचा, अगदी तसंच.

आर्डिथने तोंड मिटलं. मग काठी उचलली. चमकता पत्र्याचा गळ पाण्याला टेकतो न टेकतो तोच काठी वाकली. ती करंगळीएवढी काठी, कोळिष्टकाच्या धाग्यासारखी दोरी, आणि पलीकडे शेरभर मस्ती! हसू दाबता दाबता तिच्या पोटात दुखायला लागलं. एक, दोन, पाच, नऊ. मासे बर्फाच्या पेटीत धडपडत होते. शेजारच्या होडीतला माणूस टोपी काढून बघत राहिला. हार्लनला मात्र यातलं काहीच ऐकू गेलं नाही. त्याचे कान अधू झालेत हे त्याला सोडून अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

अर्ध्या तासाने पाणी पुन्हा काचेसारखं झालं. हार्लनने मान वर केली. "आज पाण्यात जीवच नाही," म्हणत तो वळला आणि पेटीकडे बघतच राहिला. एकोणीस मासे होते.

"हे कधी झालं?"

"मघाशी."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"सांगत होते. तू बोट दाखवलंस."

परतल्यावर धक्क्यावरच्या दुकानात हार्लनने कोपर टेकून भाषण ठोकलं. "बघ डब, तोंड बंद ठेवलं की काय होतं! आमच्या होडीने एकोणीस धरले."

दुकानदार डबने विचारलं, "त्यातले तुझे किती?"

हार्लनने हवापाण्याचा विषय काढला.

घरी मक्याच्या पिठात घोळवून मासे तळताना आर्डिथ म्हणाली, "मी शनिवारी चर्चमधल्या विल्मा जीनच्या होडीतून जाणार."

"ती बाई तर सारखी बडबडत असते!"

"म्हणूनच."

पुढचे तीन शनिवार धरणावर दोघींच्या हसण्याचा गलका आणि पेटी भरलेली. हार्लन एकटाच पडद्यासमोर. चौथ्या सोमवारी तो न सांगताच कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. कानामागे इवलंसं यंत्र लावून स्वयंपाकघरात उभा राहिला.

"नळ ठिबकतोय," तो म्हणाला.

"वर्ष झालं."

त्या शनिवारी आर्डिथ पुन्हा त्याच्या होडीत बसली. मासे दूर कुठेतरी फडफडले. हार्लनने ते ऐकलं, काठी हातात घेतली, आणि गळ न टाकताच मागे बघून विचारलं, "विल्मा जीनच्या जावयाचं काय म्हणत होतीस परवा फोनवर? अर्धवटच ऐकलं मी."