आवाजाचा पत्रा

मागच्या खोलीचा पत्रा गंजून गळायला लागला होता, म्हणून दुकानात गेलो. ठरवूनच गेलो होतो. खालून फोम लावलेला घ्यायचा, आवाज न करणारा. पाऊस आला की डोक्यावर डबे बडवल्यासारखं होतं, असं बायको जन्मभर म्हणत आली. ती होती तेव्हा राहूनच गेलं. निदान आता तरी.

या दुकानात पत्रा ऐकून घ्यायची पद्धत आहे. अंगणात लोखंडी चौकटीवर नमुने टाकलेले असतात. गिऱ्हाईक खाली स्टुलावर बसतं आणि दुकानदार वरून नळीने पाणी सोडतो. मी म्हणालो, ऐकायची गरज नाही, फोमचाच द्या.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "पण वहिनी तर साधा पसंत करून गेल्यात."

मला वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय. पण तिची मोरपंखी शाल, हातातली काठी, सगळं त्याने बरोबर सांगितलं. गेल्या थंडीत मी तिला या दुकानाशेजारच्या शिंप्याकडे बसवून औषधं आणायला जायचो, तेव्हा ती इथे आली होती. एकेक पत्रा ऐकला. पुन्हा पुन्हा पाणी सोडायला लावलं. यांना विचारू नका, म्हणाली, हे नुसता रंग बघून घेतील.

"मी म्हटलं, वहिनी, फोमचा घ्या, शांत झोप लागेल," दुकानदार सांगत होता. "तर म्हणाल्या, झोपायला मी कुठे असणार आहे? मी गेल्यावर घर गप्प होईल, आणि घर गप्प असलं की यांच्या घशाखाली घास उतरत नाही. पत्रा तरी बडबडू दे."

मी खाली स्टुलावर बसलो.

मी आणि मुलीने तिला आजार कळू दिला नव्हता. डॉक्टरांनाही गळ घातली होती. स्वयंपाकघराचं दार लावून हळू आवाजात बोलायचो. अशक्तपणा आहे, एवढंच तिला सांगायचो आणि ती मान हलवायची. न कळता गेली, एवढ्या एका गोष्टीवर मी आजवर तग धरून होतो.

दुकानदार नळी हातात घेऊन तसाच उभा होता. मी म्हणालो, सोडा पाणी. साध्यावर.

डोक्यावर डबे बडवायला लागले. मी तिथूनच मुलीला फोन लावला. म्हणालो, "आईला माहीत होतं."

तिला ऐकू जाईना. कसला आवाज आहे तो, बाबा, असं विचारत राहिली. शेवटी मला ओरडून सांगावं लागलं.