विनोदाआधीचं हसू

मालिकेतला माळी काहीतरी गमतीचं बोलणार होता. अजून बोलला नव्हता. हातातलं खुरपं खाली ठेवून त्याने नुसतं तोंड उघडलं होतं, आणि तेवढ्यात टीव्हीसमोर बसलेला मेकॅनिक हसला. चांगला मोठ्याने, गुडघ्यावर थाप मारून. मग माळी बोलला. मेकॅनिकची बायको हसायचं विसरून नवऱ्याकडे बघत राहिली.

ती कपड्यांच्या दुकानात फिटिंगचं काम करायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाच्या कमरेला चिमूट घे, वजन वाढलेल्यांच्या शिवणी उसवून त्यांची अब्रू राख, असं. दुकानात तिला सगळे फिटिंगवाली म्हणत. जे दिसतं त्यापेक्षा जे बसत नाही ते तिच्या लक्षात आधी यायचं, आणि ते हसू कुठेच बसत नव्हतं.

त्या घरात एक कायदा होता. जेवणं झाली की दोघांनी मिळून एक भाग बघायचा, एकच, आणि मग दिवा लावून त्यावर बोलायचं. एकट्याने पुढचं बघायचं नाही. मेकॅनिक या बोलण्यात दरवेळी तोंडावर आपटायचा. खुनी म्हणून तो ज्याच्यावर बोट ठेवी, तो हटकून निष्पाप निघे. एकदा तर त्याने ज्याला खुनी ठरवलं, त्याचाच पुढच्या भागात मुडदा पडला. त्यावर ती इतकी हसली होती की तिला उचकी लागली. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून दिवसभरात हसायची तेवढीच जागा उरली होती. बाकी दिवस म्हणजे त्याला ग्रीस आणि तिला टाचण्या.

आणि आता हा माणूस बरोबर ओळखायला लागला होता. जावई खोटारडा आहे म्हणाला, तर निघाला. तिजोरी रिकामी असणार म्हणाला, तर रिकामीच. शिवाय हल्ली तो खुर्ची उचलून पार टीव्हीच्या पुढ्यात नेऊन बसायचा, तिच्या शेजारी नाही. स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ द्यायचा नाही. बुधवारी हात स्वच्छ धुऊन घरी यायचा, नखांतसुद्धा काळं नाही. इतर दिवशी त्याच हातांनी दाराची कडी काळी व्हायची. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच मुक्काम करून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने हे दुकानातल्या काज-बटणं करणाऱ्या मावशींना सांगितलं. सांगायला नको होतं. मावशी आठवड्याला दोन खुनाच्या मालिका संपवायच्या आणि उरलेल्या वेळात शेजाऱ्यापाजाऱ्यांवर पाळत ठेवायच्या.

"पुढचं बघतोय तो," मावशी दोरा दाताने तोडत म्हणाल्या. "त्यात काय, बघू दे. पण कुणाबरोबर बघतोय?"

"एकटेच बघत असतील."

"एकटा माणूस हसतो होय गं? हसायला दुसरं माणूस लागतं. आणि नखं कुणासाठी घासतो? गाडीसाठी?"

"मावशी, काहीही काय! पन्नाशी उलटली त्यांची."

"माझ्या मालिकेतला तर साठीचा आहे," मावशी म्हणाल्या आणि पुढचं बटण उचललं.

त्याच दुपारी एक बाई पँट आखूड करायला आली. चाळिशीची, नीटनेटकी, आणि बोलायला मोकळी. फिटिंगवाली तिच्या पायाशी बसून टाचण्या लावत होती, आणि वर मावशींचं सुरू झालं होतं, हल्ली काय बघताय म्हणून.

"ती हॉटेलमालकाच्या खुनाची बघतेय," बाई म्हणाली. "फार ताणलीय हो. चार भागांत संपली असती. माळी तेवढा झकास. आणि सहाव्या भागात त्या डॉक्टरीणबाईकडे लक्ष द्या. खोटं बोलताना तिची हनुवटी हलते. माझ्या लक्षात नव्हतं आलं, माझ्याकडे एकजण येतात त्यांनी दाखवलं. बुधवारचे येतात. बारीक नजर आहे हं त्यांची, बोलताना माणसाच्या तोंडावरून डोळा हलत नाही."

फिटिंगवालीला टाचणी टोचली. तिने मान खाली घालून बोट तोंडात धरलं, म्हणून तिचा चेहरा कुणाला दिसला नाही.

घरी त्यांचा अजून पाचवाच भाग झाला होता. त्या संध्याकाळी सहावा लागला. डॉक्टरीणबाई पोलिसांसमोर बसली, आणि मेकॅनिक टीव्हीकडे बोट करून म्हणाला, "हिची हनुवटी बघ. खोटं बोलली की हलते."

दिवा लावून मत द्यायची वेळ आली तेव्हा डोकं दुखतंय म्हणाली. तो बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत बसला. तिला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. आपल्याला किती कळलंय, याचा अंदाज घेतोय.

मग पुढच्या बुधवारपर्यंत तिने स्वतःचा जो छळ मांडला, तो कुठल्या मालिकेत दाखवला असता तर तिनेच ताणलंय म्हणून नावं ठेवली असती. त्याचे खिसे चाचपले. शर्टाचा वास घेतला, तर त्याला पेट्रोलचाच वास. त्या बाईची पँट शिवताना दोनदा टीप चुकली आणि दोनदा उसवली. एकदा वाटलं, मुद्दाम अर्धा इंच जास्त आखूड करावी. पण हात धजला नाही. राग नवऱ्यावर होता, कापडाने काय घोडं मारलं होतं?

"मला बुधवारी यायला जमणार नाही, कुणाच्या हाती पाठवाल का?" असं ती बाई जाताना सांगून गेली होती. पत्ता औषधांच्या दुकानावरचा, पहिला मजला.

"मीच नेऊन देते," फिटिंगवाली दुकानाच्या मालकांना म्हणाली.

"जा," मावशी हळूच म्हणाल्या. "आणि चप्पल बाहेर काढू नकोस. पायातच असू दे, कामाला येईल."

जिन्यात ती दोनदा थांबली. परत फिरावं, पँट मावशींनी आणून द्यावी, आपल्याला काही कळूच नये, असं तिला अगदी मनापासून वाटलं. मग वर गेली. काचेच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: श्रवण तपासणी केंद्र. ती पाटी तिने वाचली, पण डोक्यात शिरली नाही. डोकं आधीच भरलेलं होतं.

बाई टेबलाशी बसून काही लिहीत होती. "अरे वा, तुम्ही स्वतः आलात! बसा ना. आत तपासणी चाललीय, सहायक बघतेय, म्हणून मी मोकळी."

टेबलामागे एक छोटी खोली होती, तिला काच. खोलीत एक माणूस पाठमोरा बसला होता, कानांवर जाडजूड हेडफोन, हातात एक बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. तो मान वाकडी करून, सगळ्या अंगाचे कान करून बसला होता, आणि अंगठा हलत नव्हता. मानेवरच्या वळ्या तिच्या ओळखीच्या होत्या. त्या शर्टाची कॉलर तिने स्वतः उलटून शिवली होती.

"हेच ते हनुवटीवाले," बाई म्हणाली. हा या फिटिंगवालीचा नवरा असेल, हे तिच्या गावीही नव्हतं. "मी सगळ्यांना आधी विचारते, काल काय बघितलंत, कसं वाटलं? ऐकू न येणारा माणूस तिथे सापडतो. सरळ प्रश्नाला सगळे म्हणतात, मला छान ऐकू येतं. हे मात्र मालिकेबद्दल धडाधडा बोलायला लागले, मी चाटच पडले. मग कळलं, दुपारी गाडीखाली न जाता गाडीत बसतात, मोबाइलवर खालची अक्षरं लावून आख्खा भाग आधी वाचून काढतात. घरी बाईंना अक्षरं खपत नाहीत म्हणे."

खपत नव्हतीच. "चेहरा बघू की वाचत बसू? शाळा आहे का ही?" असं तीच म्हणाली होती, आणि रिमोट हिसकावून घेतला होता.

"कानाला मशीन का नाही लावत मग?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"इंजिनाला कान लावून दुखणं सांगतात ते. त्यांचं नाव त्यावरच आहे. कानात मशीन दिसलं तर गाडी कोण आणेल, म्हणतात. बायकोला सांगा म्हटलं, तर म्हणाले, ती माझ्या बोलण्यावर रोज हसते, ते बंद पडेल."

आतली सहायक बाहेर आली, दार उघडं राहिलं. मेकॅनिकने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. तो दारापासून चार पावलांवर होता.

"अहो," ती म्हणाली. घरात म्हणायची तसंच, ना हळू ना मोठ्याने.

तो हलला नाही. हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसून राहिला. तिने पँट टेबलावर ठेवली आणि पैसे न घेताच जिना उतरली. खाली औषधांच्या दुकानासमोर ती उभ्याउभ्या रडली. आधी दुसरी बाई नाही म्हणून रडली, आणि मग ती असती तर बरं, निदान भांडता तरी आलं असतं, म्हणून रडली. संशय कसला घेत बसलो होतो आपण, आणि ओ न देणाऱ्या माणसाजवळ एकदा जाऊन उभं राहावं, एवढंही सुचलं नाही.

मावशी दुकानात वाटच बघत होत्या. "काय निघालं?"

"माळी निर्दोष आहे," ती म्हणाली आणि मशीनवर बसली.

संध्याकाळी जेवणं झाली. तो खुर्ची उचलून टीव्हीकडे निघाला.

"तिकडे नका जाऊ. इथे बसा," तिने त्याच्यासमोर येऊन, तोंड त्याच्याकडे करून सांगितलं. तो थोडा गोंधळला, पण तिच्या शेजारी बसला. तिने रिमोट घेतला, बरीच बटणं चुकीची दाबली, आणि पडद्याच्या खाली पांढरी अक्षरं उमटवली.

तो अक्षरांकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. "तुला तर चालत नाहीत ही."

"हल्ली मला जरा कमी ऐकू येतं," ती म्हणाली. "म्हटलं, लावून बघू. तुम्हाला त्रास नसेल तर."

मेकॅनिकची नजर तिच्या तोंडावर होती, गेले कित्येक दिवस असायची तशीच. मालिका सुरू झाली तरी त्याने तिकडे पाहिलं नाही. त्याचे डोळे भरून आले, आणि तो ते पुसायच्या भानगडीत पडला नाही.

"तुझी हनुवटी हलली," तो म्हणाला.

तिने हनुवटीवर हात ठेवला. ती आता खरंच थरथरत होती, आणि थांबेना.

"मग ठेवू की काढू?" तिने विचारलं.

"ठेव," तो म्हणाला. "पण हा भाग मी बघितलाय. उद्याचा लाव. त्यातलं मला काही ठाऊक नाही."