रोवलेला पाय

ठरलेले पंच आयत्या वेळी आजारी पडले आणि शिट्टी धाकटीच्या गळ्यात पडली. कारखान्यांच्या बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि एका संघाची कर्णधार तिची सख्खी ताई होती. धाकटीचा जीव थाऱ्यावर नव्हता. नजर सारखी ताईच्या पायांकडे जात होती.

शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघ बरोबरीत होते. ताईने उभ्या जागी चेंडू झेलला, डावा पाय रोवून उजव्याने गिरकी घेतली आणि चेंडूचे टप्पे मारत मुसंडी मारली. तिने फेकलेला चेंडू जाळीतून खाली आला, तेव्हा शिट्टी कधीच वाजून गेली होती.

"ट्रॅव्हलिंग! बास्केट रद्द."

"अगं, जास्तीचं पाऊल टाकलंच नाही मी!" ताई अंगावर धावून आली. "डोळे फुटले का तुझे?"

"रोवलेला पाय उचललास, तेव्हा चेंडू हातातच होता, ताई. टप्पा मारताना आधी चेंडू सुटायला हवा, मग पाय."

चेंडू समोरच्यांना मिळाला आणि सामनाही त्यांनीच जिंकला.

धाकटी कपडे बदलायच्या खोलीबाहेर येरझारा घालत राहिली. आत जायचा धीर होईना. शेवटी ताईच बाहेर आली. डोळे लाल, काखेत चेंडू.

"दाखव आता. कुठं चुकलं?"

धाकटी खाली बसली आणि तिने ताईच्या डाव्या बुटावर हात ठेवला. "हं, निघ."

ताई निघाली. चेंडू हातातून सुटायच्या आत बूट धाकटीच्या हाताखालून उचलला गेला. ताई तिथंच थबकली.

"अगं बाई," ती म्हणाली, "खरंच की."