रिकाम्या चौकटींचं पान

मी एक वेबपेज बोलतोय. दचकू नका. झाड बोलतं, खुर्ची बोलते, फाटकी छत्रीसुद्धा आपली कर्मकहाणी सांगते, मग मीच का गप्प बसू? तसा मी फार गप्प बसलो. बोलायची वेळ होती तेव्हा मला तोंड नव्हतं, आणि आता बोलून फारसा उपयोग नाही. तरीही ऐका.

माझा जन्म एका दोन खोल्यांच्या घरात, जेवणाच्या टेबलावर झाला. मामाने नवा कॉम्प्युटर घेतला म्हणून त्याचा जुना या घरी आला होता आणि जेवायच्या वेळी तो जमिनीवर उतरवावा लागे. मला घडवलं ते घरातल्या मुलीने. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सगळा बाजार त्यांना पेंटर म्हणायचा. चिडली की तिची आईसुद्धा म्हणायची.

पेंटरची कामं तेव्हा आटत चालली होती. यंत्रावर छापलेले प्लास्टिकचे फलक निघाले होते. सकाळी सांगा, संध्याकाळी घेऊन जा. पेंटरना एका पाटीला आठवडा लागायचा आणि मध्येच कुणी घाई केली तर ते शिडीवरून उतरून सरळ चहाला जायचे. आता ते घरात बसून खिडकीचे गज रंगवत, ते वाळले की दाराची कडी रंगवत. मुलीला ते बघवत नव्हतं.

क्लासमध्ये ती नुकतीच वेबपेज बनवायला शिकली होती. एक दिवस म्हणाली, "बाबा, तुमच्या पाट्या मी जगाला दाखवते."

"जगाला कशाला गं? पुढच्या गल्लीला दिसल्या तरी पुष्कळ," पेंटर म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी दाढी करून तिच्याबरोबर बाजारात निघाले.

क्लासच्या बाईंचा कॅमेरा उसना घेऊन तिने पाट्यांचे फोटो काढले. बेकरीची पाटी, सायकलवाल्याची पाटी, दातांच्या डॉक्टरांची पाटी. डॉक्टरांनी हसणारा दात काढून मागितला होता आणि पेंटरनी तो अगदी गुबगुबीत काढला होता. हे सगळे फोटो तिने कॉम्प्युटरमध्ये भरले आणि मला लिहायला बसली. मथळा दिला, प्रत्येक फोटोसाठी चौकट आखली, खाली दुकानाचं नाव आणि शेवटी घरचा फोन नंबर. फोटो कुठून आणायचा तेही प्रत्येक चौकटीपाशी लिहून ठेवलं: याच कॉम्प्युटरमधून, अमुक कप्प्यातून.

तिथेच माझं नशीब फुटलं. तेव्हा ते कुणाला कळलं नाही. कळणार कसं? तिचं ते पहिलंच पान होतं.

मला सर्व्हरवर चढवलं तो दिवस आठवतो. इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या तारेतून यायचं. पेंटर दर मिनिटाला विचारत, "झालं का गं? एखादं गिऱ्हाईक फोन करत असेल, आपला फोन लागायचा नाही." मुलीने श्वास रोखून बटण दाबलं आणि मी निघालो. कुठल्याशा दूरच्या थंडगार खोलीत, घरघरणाऱ्या यंत्रांच्या रांगेत मला जागा मिळाली. मी एकटाच आलो होतो. फोटो मागे, घरीच राहिले होते. तेही पाठवायचे असतात हे बिचारीच्या ध्यानातच आलं नाही.

तिने लगेच मला घरच्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं. फोटो तिथेच, बाजूच्याच कप्प्यात! एका हाकेसरशी सगळे धावत आले आणि मी नटूनथटून उभा राहिलो. पेंटर इस्त्रीचा शर्ट घालून मला बघायला बसले.

"हे बेकरीचं अक्षर! पोट बघ त्याचं, कसं भरलंय," ते म्हणाले. आईने पदराने डोळे पुसले आणि फोन उचलून त्यांच्या खुर्चीशेजारी आणून ठेवला.

फोन तिथेच राहिला. पेंटरही.

मी मात्र गावोगावी उघडला जात होतो. कुणाच्या कचेरीत, कुणाच्या बैठकीच्या खोलीत. दर वेळी सांगितल्याप्रमाणे फोटो शोधायला निघायचो आणि परक्या कॉम्प्युटरमध्ये तो कप्पाच नसायचा. मग रिकाम्या चौकटी घेऊन मी लोकांपुढे उभा. लोक भुवया उंचावायचे, मला बंद करायचे. जो माणूस उभं आयुष्य अक्षरं रंगवत आला त्याची एक रेघसुद्धा मला दाखवता येत नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदाच आशा वाटली. एका खानावळीच्या मालकाने मला उघडलं, थोडा वेळ चौकटींकडे बघत राहिला आणि चक्क फोन लावला. भला माणूस. म्हणाला, "मला हाताने रंगवलेलीच पाटी हवी आहे हो, पण तुमच्या पानावर फोटोच दिसत नाहीत. नुसत्या चौकटी आहेत."

पेंटरचा आवाज रिसिव्हरमधून खोलीभर ऐकू आला. "दिसत नाहीत म्हणजे? मी स्वतःच्या डोळ्यांनी रोज बघतो! माझ्या मुलीने बनवलंय ते. बिघाड तुमच्या यंत्रात असेल, आधी ते दुरुस्त करा!"

फोन आपटला. खानावळवाल्याने मला बंद केलं. 'अहो, तो खरं सांगतोय,' असं ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कशाने? संध्याकाळी पेंटरनी हा किस्सा घरात रंगवून सांगितला आणि मुलगीही हसली. "त्यांचा कॉम्प्युटर जुना असेल, बाबा." तेव्हाच तिने शेजारच्या घरी जाऊन मला एकदा उघडलं असतं तर! ही हळहळ माझ्या मनातून अजून जात नाही.

त्यानंतर फोन आला नाही. पेंटरनी ब्रश धुऊन, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले. मुलगी शिकली, नोकरीला लागली. लॅपटॉप आला तसा टेबलावरचा कॉम्प्युटर भंगारवाला घेऊन गेला. त्याच्या पोटात सगळ्या पाट्या होत्या. बाजारातल्या खऱ्या पाट्या तर केव्हाच उतरल्या होत्या.

परवा दुपारी पेंटर म्हणाले, "ते आपलं पान उघड गं." काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे; उजेड तेवढा कळतो. मुलीने लॅपटॉपवर पहिल्यांदाच मला उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. आता अशी पानं बनवणं हाच तिचा कामधंदा. काय चुकलं होतं ते तिला एका क्षणात समजलं.

"वरती बेकरी आहे ना?" पेंटरनी माझ्यावर बोट ठेवलं. बोट रिकाम्या चौकटीवर होतं.

ती हो म्हणू शकली असती. मलाही वाटलं, म्हणावं. पण तिने खरं ते सांगितलं. फोटो कधी गेलेच नव्हते, कुणाला कधी दिसलेच नव्हते. सांगता सांगता रडू लागली.

पेंटरनी बोट मागे घेतलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तो खानावळवाला खरं बोलत होता. मी उगाच झापलं त्याला."

"बाबा, चूक माझी होती."

"रडू नकोस. मला सगळ्या पाट्या पाठ आहेत. मी सांगतो, तू लिही."

आणि ते सांगू लागले. बेकरीच्या पाटीला आधी सरळ रेघेसाठी खडूची दोरी ताणली होती. वळण एका दमात ओढायचं, मध्ये थांबलं की जोड दिसतो. लाल रंगात चिमूटभर काळा, म्हणजे ऊन लागलं तरी तो विटत नाही. दातामुळे डॉक्टरांकडची मुलं रडायची थांबली होती. ती टाइप करत गेली आणि माझ्या चौकटी एकेक करून शब्दांनी भरल्या. नवा झालेला मी पुन्हा सर्व्हरवर चढलो.

"दिसतंय का बघू?" मुलगी लॅपटॉपकडे वळली.

"इथे नको," पेंटर म्हणाले. "शेजारी जाऊन बघ."

ती गेली. शेजारणीच्या फोनवर मी उघडलो. फोटो नव्हते, पण पेंटरचं बोलणं शब्द न् शब्द होतं. शेजारीण वाचतच राहिली.

मुलगी परत आली तेव्हा ते दाराकडे तोंड करून बसले होते.

"दिसतंय, बाबा."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी मान डोलावली आणि हात शेजारी नेला, जिथे पूर्वी फोन असायचा. आता कुणी विचारायला आलंच, तर ब्रश धरायला ती नजर उरलेली नाही. मी मात्र अजून इथेच आहे. कधी उघडलंत मला, तर चौकटी बघून लगेच बंद करू नका. जरा वाचा.