लोरेटासाठी राखलेलं झाड

"हात लाव त्या झाडाला, मग बघ!" डॅड ओरडला.

"लावतोच. आभाळ बघितलंस का? उद्या कोसळणार. खाली खोऱ्यात सगळ्यांची तोडणी झाली, माल वाळतही आला."

"त्यांची अफगाण जात आहे, शहाण्या. बुटकी. सप्टेंबरात पिकते आणि ओढणारा सोफ्यातून उठत नाही. ही सटायवा आहे. हिला वेळ लागतो. कच्ची तोडली तर नुसतं छातीत धडधडतं."

"पिकेपर्यंत थांबलो तर काय उरेल?"

"शाळेत टिकला नाहीस, आता मला शेती शिकव."

मी कात्री चिखलात फेकली.

गांजाचं ते झाड आमच्या ट्रेलरच्या छपराच्याही वर गेलं होतं. पानं बारीक, लांब, म्हातारीच्या बोटांसारखी. वास लिंबाच्या सालीचा. बाकीचं पीक कधीच निघालं होतं, हे एकच उभं होतं, आणि ते लोरेटाचं होतं. आमच्या डोंगरावर आजारी माणसाचं झाड आधी ठरतं. ते विकायचं नसतं.

लोरेटा सुईण. या डोंगरावरची निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली, मीसुद्धा. वसंतात तिला कॅन्सर निघाला. केमो सुरू झाल्यापासून पोटात काही टिकत नाही. अफगाण ओढली की उलटी थांबते, पण ती झोपते, उठते तेव्हा ताट गार. या झाडाने भूकही लागते आणि डोळेही उघडे राहतात. ती म्हणायची, "मरायला माझी हरकत नाही रे. पण जेवायच्या वेळी झोपायला आहे."

पाऊस आलाच. डॅडने झाडावर प्लॅस्टिक टाकलं. मी म्हटलं, घुसमटेल. तो म्हणाला, "सटायवा कुजत नाही. फुलं विरळ असतात, वारा आरपार जातो."

खरंय ते. पण आमचं झाड निव्वळ सटायवा नाही, पाव रक्त अफगाणचं आहे. आणि ते पाव रक्त नेमकं शेंड्याच्या तुऱ्यांत उतरलं होतं. मुठीएवढे घट्ट तुरे. प्लॅस्टिकखाली त्यांना घाम फुटला.

पाऊस उघडल्यावर शेंड्याला एक पिवळं पान दिसलं. ओढलं तर हातात आलं, जराही धरून नव्हतं. तुरा फोडला. आत राखाडी भुकटी. फुंकर मारली तशी उडाली.

डॅड खुर्ची घेऊन बसला आणि राखाडी तेवढं कापून टाकायला लागला. चांगलं एका बाजूला, वाळवून फळीवरच्या लोरेटाच्या बरणीत भरायला.

"हे बघ, स्वच्छ आहे. वास घे."

"डॅड, न दिसणारीही बुरशी असते. हॉस्पिटलच्या नर्सने आपल्या दोघांसमोर सांगितलं ना? केमोवाल्या माणसाच्या छातीत ही गेली की संपलं."

"मग काय देऊ तिला? सांग ना. अफगाण देऊ? झोपवू तिला?"

मी बादलीला लाथ घातली आणि दोन आठवडे गावात मित्राकडे जाऊन राहिलो. परत आलो तर फळीवर बरणी नव्हती.

तसाच लोरेटाकडे पळालो. ती चुलीपाशी उभी. हनुवटीला पिवळा बलक लागलेला.

"ये रे टेट. दोन अंडी खाल्ली, तिसरं टाकतेय!"

टेबलावर बरणी उघडी, शेजारी चिलीम. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तिने उलथनं खाली ठेवलं.

"तुझ्या बापाला माहीत होतं?"

"कुजकं कापून उरलेलं दिलंय त्याने."

"हं."

"दे ती बरणी. लोण्यात कढवून देतो. तापवलं की बुरशी मरते. ओढू नकोस फक्त."

"गिळलेलं पोटात राहिलं असतं तर हे लागलं असतं का, येड्या?"

मी बरणी उचलली. तिने अडवलं नाही, चोराकडे बघावं तशी बघत राहिली. मग म्हणाली, "उलटा होतास तू आईच्या पोटात. ह्या हातांनी ओढून काढला. तेव्हाही ऐकत नव्हतास."

मी सगळं चुलीत ओतलं. धुराड्यातून लिंबाचा वास सुटला. "झालं," ती हसली, "आता सगळा डोंगर जेवायला बसेल." हसता हसता खोकला लागला. थांबेना.

तेव्हापासून तिने काही खाल्लेलं नाही. खोकला तसाच आहे. काल अंग तापलं. मी विचारलं, हॉस्पिटलला जाऊया? म्हणाली, बापाला सांगू नकोस, त्याचं मन त्याला खाईल.

खातंच आहे, खोकल्याचं त्याला कुणाकडून तरी कळलंच. तो झाडाच्या उरलेल्या उघड्या दांड्याखाली बसलाय, कात्रीने त्याचे तुकडे करतोय. मी म्हटलं, त्या बरणीमुळेच असेल असं नाही. तर म्हणाला, "तूच म्हणाला होतास ना." बास, एवढंच. तिच्याकडे जायला त्याला तोंड नाही.

आत्ता तिच्या अंगणातून हॉर्न वाजतोय. लांब, थांबून थांबून. इथे फोन लागत नाही, कुणाला हॉस्पिटलला न्यायला मदत हवी असली की असाच वाजवतात. डॅडने ऐकलाय, पण उठत नाही. ट्रकची किल्ली त्याच्या खिशात आहे, ती काढून घेतो. मला आता निघायला हवं.